बिनफोडणीची ईद

नाशिक रोडला एसटीतून उतरले तेव्हा दुपारचा एक वाजत आला होता आणि मुमताज मला घ्यायला आलेली नव्हती. येते म्हणाली होती. मी फोन लावला. तिसऱ्यांदा लावल्यावर तिने उचलला आणि शेजारी कोणी आजारी झोपलेलं असावं इतक्या हळू आवाजात म्हणाली, "सुमन, मला निघता येत नाही गं. येवल्याकडे जाणाऱ्या गाडीत बस आणि विंचूरच्या पुढे आमच्या फाट्यावर उतर. आणि ऐक, उद्यासाठी नवी साडी आणली असशील तर ती पिशवीतच राहू दे. मिठाई आणली असलीस तर वाटेत कोणाला तरी देऊन टाक."

एवढं बोलून तिने फोन ठेवला. मी आदल्या दिवशी सांगलीहून निघून, पुण्यात मुक्काम करून तिथवर आले होते. पिशवीत किलोभर पेढे होते. पाहुणीला बोलवायचं आणि पेढे वाटेत टाकून ये म्हणायचं, ही कुठली रीत? माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

माझ्या मनात ती जरा लवकरच चुकचुकते, हे आधीच सांगून टाकते. बत्तीस वर्षं मी वजनमापे खात्यात निरीक्षक होते. एखादा दुकानदार फार गोड हसला की मी त्याचा तराजू उलटा करून बघायचे, आणि बऱ्याचदा तळाला मेण किंवा शिशाचा तुकडा चिकटवलेला सापडायचा. नोकरी संपली, सवय राहिली. मुमताजही त्याच खात्यात होती, नाशिकला. उमेदवारीच्या काळात प्रशिक्षणाला आम्ही दोघी एका खोलीत राहिलो, तेव्हापासूनची मैत्री. दर रमजानला तिचा फोन यायचा, "एकदा ईदला ये, आमच्या गावची ईद बघ, शिरखुर्मा खा." यंदा आले, तर ही तऱ्हा.

पेढे मी कोणालाही दिले नाहीत. निफाडच्या अलीकडे द्राक्षबागा सुरू झाल्या. रस्त्याकडेला क्रेटांच्या थप्प्या लागल्या होत्या आणि बायका सावलीत बसून घड साफ करत होत्या. गाडीत माझ्या शेजारी पाटी मांडीवर घेतलेली एक बाई होती. तिने चार द्राक्षं माझ्या हातावर ठेवली आणि विचारलं, "कुठं चालल्या ताई?" मी गावाचं नाव सांगितलं. ते इथे मुद्दाम लिहीत नाही.

"सणाला?"

"हो, मैत्रिणीकडे. ईद आहे ना उद्या."

तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "यंदा सण नाय तिथं," ती म्हणाली.

"का? काय झालं?"

"ठाऊक नाय तर राहू द्या. चांगल्या तोंडानं वाईट कशाला बोलू?" आणि ती खिडकीबाहेर बघू लागली.

ईदच्या आदल्या दिवशी कोणी असं बोललं की आपल्या मनात पहिली शंका कुठली येते, ते लिहायची गरज नाही. मलाही तीच आली. विंचूर गेल्यावर कंडक्टर म्हणाला, "तुमचा फाटा पुढचा." त्याच्या बोलण्यात मला टाळाटाळ वाटली, म्हणून मी उठले आणि आधीच्याच फाट्यावर उतरून मोकळी झाले. गाडी निघून गेल्यावर पाटी वाचली. फाटा चुकीचा होता.

मग दीड-दोन किलोमीटर उन्हातून, खांद्यावर पिशवी घेऊन. दोन्हीकडे उन्हाळ कांदा काढणीला आला होता. काही वाफ्यांत उपटलेला कांदा पातीसकट तसाच पसरलेला होता, बाकीचा जमिनीत. या दिवसांत शेतं मजुरांनी भरलेली असायला हवीत. इथे चिटपाखरू नव्हतं. पुढे कालव्याच्या काठाला एक ट्रॅक्टर चाकं वर करून पडलेला दिसला. जवळच्या दगडावर हळदकुंकू, फुलं आणि दोन नारळ.

नोकरीतल्या सवयीने मी वही काढून टिपू लागले तेवढ्यात एक म्हातारबाबा सायकल हातात धरून चालत आले आणि माझ्यासमोर थांबले. "पेपरवाल्या का तुम्ही?" त्यांच्या आवाजात माझ्यापेक्षाही जास्त संशय होता.

"नाही बाबा. मुमताजकडे आलेय, पाहुणी. काय झालं इथं?"

"संतोष गेला. यमुनाआक्काचा पोरगा. परवा कांद्याची ट्रॉली घेऊन येत व्हता, पार कालव्यात. संगं सुरगाण्याकडची नवराबायको व्हती, मजुरीला आलेली. ती बी गेली. त्यांची माणसं जीपनं येऊन घेऊन गेली दोघांना." त्यांनी माझ्या वहीकडे बोट केलं. "लय वाईट झालं. वही ठेवा आत." मी वही आत ठेवली.

मुमताजची आळी गावाच्या उगवतीला. पंधरा-वीस मुसलमान घरं, शेवटी छोटी मशीद. मशिदीवर सोडायच्या दिव्यांच्या माळा आल्या होत्या, पण त्या दोरीने बांधून ओट्यावर तशाच ठेवलेल्या. मुमताज दारातच उभी होती. तिने मला घट्ट मिठी मारली आणि समोरच्या घराकडे बोट केलं. "ते आक्काचं घर." मग आत नेऊन पाणी दिलं आणि सगळं सांगितलं.

आळीने ठरवलं होतं की यंदा ईदची नमाज तेवढी होणार. कपडे जुनेच. रस्त्यात गळाभेट नाही, शिरखुर्मा कोणाच्याच घरी नाही, सुतकाच्या घरासमोर गोड शिजवायचं नाही. एवढंच नव्हतं. या गावात कोणी गेलं की दहाव्यापर्यंत त्या घरची चूल पेटत नाही. आळ्या दिवस वाटून घेतात आणि ज्या आळीचा दिवस, तिने स्वयंपाक करून न्यायचा. ईदचा दिवस नेमका मुमताजच्या आळीकडे आला होता.

"बदलून घ्यायचा," मी म्हटलं.

"गाव म्हणत होतं बदला. आमच्या बायकांनी ऐकलं नाही. संतोषचं निम्मं लहानपण या ओट्यावर गेलंय, सुमन. दोन दिवस झाले, आक्काने चहाखेरीज काही तोंडात घातलेलं नाही. ताट समोर ठेवलं की सरकवते. माझी भावजय शमीम म्हणते, आपल्या हातचं एखाद वेळेस खाईल."

खरं तर माणसाने इथे गप्प बसावं. पण मला प्रश्न पडला, दुसऱ्याच्या दुःखासाठी कोण आपला वर्षाचा सण सोडतं? काहीतरी कारण असणार. "ग्रामपंचायतीची निवडणूक आहे का जवळ?" मी विचारलं. मुमताज चहा ठेवायला उठली.

संध्याकाळी गच्चीवरून चंद्र दिसला. एकही फटाका वाजला नाही. मौलवींनी भोंग्यावरून नमाजची वेळ सांगितली आणि आक्काच्या घरावरून जाताना आवाज करू नका, एवढं बजावलं. शेजारच्या गच्च्यांवरून माणसं एकमेकांना नुसता हात वर करून सलाम करत होती. मी मात्र वरून सगळ्यांच्या मागच्या अंगणांवर नजर फिरवत होते, कुठे गुपचूप शेवया भाजल्या जातायत का ते बघत.

शेवया दिसल्या नाहीत, पण मुमताजच्याच परसात चादरीखाली काहीतरी मोठं झाकलेलं दिसलं. हात धुवायच्या निमित्ताने मी खाली गेले आणि चादर उचलली. दोन भलीमोठी पितळी पातेली. काठावर ठोकलेलं नाव वाचल्याशिवाय मला भांडं दिसतच नाही. नाव होतं, श्री मारुती मंदिर.

ईदच्या आदल्या संध्याकाळी, मुसलमानाच्या परसात, चादरीखाली, मारुतीच्या देवळाची भांडी. चादर मी परत होती तशी टाकली. मुमताजला विचारलं नाही. विचारलं की समोरचा माणूस उत्तर तयार करतो, हे मी नोकरीत शिकले होते.

पहाटे पाचला परसात तीन चुली पेटल्या. आळीतल्या आठ-दहा बायका आल्या. मी तांदूळ निवडायला बसते म्हटलं, कारण त्या कोपऱ्यातून सगळं दिसत होतं. शमीमने मला पाट दिला आणि म्हणाली, "खाला, तुम्ही पाहुण्या, तुम्हाला किती त्रास." मी हसले आणि बसले. डाळ कुठल्या डब्यातून आली, पाणी कुठल्या नळाचं, डाव आधी कशात होता, कोणाच्या पिशवीतून काय बाहेर निघालं, सगळं बघितलं. पातेली दोनदा चिंचेने घासून झाली होती, तरी एका म्हाताऱ्या बाईने ती तिसऱ्यांदा घासायला लावली.

त्या बाजूला सुतकाच्या स्वयंपाकाला फोडणी देत नाहीत. वरण, भात, भाकरी, बस. पण शमीमचा हात वर्षानुवर्षांच्या सवयीचा. बोलता बोलता तिने कढईत तेल टाकलं, जिरं टाकलं, ठेचलेला लसूण टाकला. चर्र आवाज झाला आणि वास सुटला. शमीमने कपाळावर हात मारला, "या अल्ला, मैं भी ना," कढई फडक्याने उचलली आणि न्हाणीमागच्या मातीत नेऊन ओतली. मग पदराने ती हवा हलवत राहिली, वास समोरच्या घरापर्यंत जाऊ नये म्हणून. मला हसूही आलं आणि तिचं कौतुकही वाटलं. तरी मी उठून माती बघून आले.

पुरुष निघाले. नमाजआधी काहीतरी गोड खाऊन जायची रीत असते, म्हणून मुमताजच्या भावाने दारात प्रत्येकाच्या हातावर एकेक खजूर ठेवला. कपडे धुतलेले पण जुने, काहींच्या कॉलरी विरलेल्या. मी त्यांच्या मागोमाग ईदगाहपर्यंत गेले आणि कडेला उभी राहिले. दुआमध्ये मौलवींनी संतोषचं नाव घेतलं, मग सुरगाण्याच्या नवराबायकोची नावंही. मी त्यांची नावं तिथे पहिल्यांदा ऐकली.

परत येताना पारावरच्या टपरीवर चहा घेतला आणि माझ्याच्याने राहवलं नाही. टपरीवाल्याला मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "इथं देवळाची भांडी कोणीही घरी नेतं का हो?"

"का बरं?"

"मुमताजच्या परसात आहेत. झाकून ठेवली होती."

बाकड्यावर एक गृहस्थ पाठमोरे बसले होते. पांढरी टोपी, दाढीचे खुंट वाढलेले. त्यांनी वळून विचारलं, "काय म्हणल्या ताई? देवाची भांडी? कुठं?" मी परत सांगितलं. ते उठले आणि चहा अर्धा टाकून निघून गेले.

टपरीवाला माझ्यावर नाराज झाला. "अवो, ते आक्काचे भाऊ, संतोषचे मामा. गुरवानं दिली असतील की भांडी. तुम्ही कशाला बोलल्या?"

मी जवळजवळ पळतच आळीत आले. तोवर बायका पातेली घेऊन रस्ता ओलांडत होत्या आणि मामा आक्काच्या दारात दोन्ही हात चौकटीला लावून उभे होते.

"मागं न्या," ते म्हणाले.

"मामा, काय झालं?" मुमताजने विचारलं.

"देवाची भांडी तुमच्या घरात, झाकून, तुमच्या सणाच्या दिशी. त्यात काय काय शिजलं आसंल, आमाला काय म्हाईत? माझी बहीण हे खाणार नाय."

शमीमने भाकऱ्यांची पाटी पदराखाली घेतली. रस्त्यावर माणसं जमली. कोणीतरी गुरवाला बोलावून आणलं. तो धापा टाकत आला आणि म्हणाला, "मामा, भांडी मी दिली. त्या मागाया आल्या, म्हणल्या आमच्या भांड्यातलं कोणाला चालंल, कोणाला नाय, म्हणून देवळातली द्या. धूळ बसू नये म्हणून चादर बी मीच टाकली."

"भांडी तू दिली," मामा म्हणाले. "शिजताना तू बघितलं का?"

गुरवाने बघितलं नव्हतं. आतून काही आवाज येत नव्हता. तीन दिवसांची उपाशी बाई आत होती आणि वरण दाराबाहेर निवत होतं, माझ्या एका प्रश्नामुळे.

"मी बघितलंय," मी म्हटलं.

"तुम्ही कोण?"

"मी टपरीवरची. मघाशी तुम्हाला मीच सांगितलं." मी पुढे झाले. "मामा, मला या घराचा संशय होता. म्हणून पहाटे पाचपासून मी तिथं बसून होते. डाळीचा डबा बघितला, पाणी बघितलं, प्रत्येकीचे हात बघितले. चुकून फोडणी पडली तर त्यांनी कढई मातीत ओतली, ती मातीसुद्धा मी जाऊन बघितली. लोकांची लबाडी शोधायचा मी बत्तीस वर्षं पगार घेतलाय. इथं लबाडी नाही. शपथेवर सांगते."

मी मुमताजकडे बघितलं नाही. तेवढ्यात आतून खरखरीत आवाज आला.

"दादा, सर बाजूला."

यमुनाआक्का भिंतीला धरून दाराशी आल्या. बारीक अंगाच्या, डोळे सुजून मिटलेले. "त्या घरचं माझा संतोष खात व्हता. आता तू मला शिकवाया लागला का? मुमताज, आण गं आत."

आम्ही आत गेलो. मुमताजने वरणभात कालवला आणि ताटली आक्कापुढे ठेवली. आक्कांनी एक घास घेतला, चावला, गिळला.

"मीठ कमी हाय," आक्का म्हणाल्या.

शमीम उठून धावत मीठ आणायला गेली आणि जाता जाता मोठ्याने रडायला लागली. आक्कांनी वरून मीठ घेतलं आणि ताटलीतलं सगळं संपवलं. नंतर मामाही उंबऱ्याजवळ बसून जेवले. भात दुसऱ्यांदा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुमताज मला फाट्यावर सोडायला आली. या वेळी फाटा बरोबर होता. काही वाफ्यांत गावातलीच माणसं कांदे काढायला उतरली होती. वाटेत मीच काहीबाही बोलत राहिले, शेवटी म्हटलं, "बरं झालं बाई, आक्का जेवल्या."

"हो. तुझ्यामुळे जेवल्या, असं गाव म्हणतंय," मुमताज म्हणाली. मग रस्त्याकडे बघत म्हणाली, "मला वाटलं तू मदतीला बसलीस."

"तांदूळ तर निवडले ना गं," मी म्हटलं.

"निवडलेस. चांगले निवडलेस." तिने माझी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "मीही त्याच खात्यात होते, सुमन. तुझ्या घरी किती वेळा आले, राहिले, जेवले. तुझं एक भांडं मी कधी उलटं करून बघितलं नाही."

गाडी आली. तिने माझी पिशवी वर चढवून दिली, हात हलवला, नीट जा म्हणाली. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

सांगलीपर्यंतच्या वाटेत मी हेच घोळवत बसले. आक्का जेवल्या तिथेच थांबवलं असतं, तर हे लिखाण किती छान झालं असतं. वाचणाऱ्यांनी मला शाबासकी दिली असती. पण त्या दारात माझ्या साक्षीची गरज पडली ती माझ्याच जिभेमुळे, आणि साक्ष देताना मी माझ्या मैत्रिणीला भर रस्त्यात, तिच्या गावासमोर, आरोपीसारखी उभी केली. मग निर्दोष सोडली आणि वर मोठेपणा घेतला. मला याची लाज वाटते, फार वाटते.

परवा आमच्या कॉलनीतल्या बायका जमल्या होत्या. नाशिककडची ईद कशी झाली ते विचारत होत्या. मी सांगितलं, यंदा त्यांनी सण केला नाही, शेजारी मयत होती. एकीने डोळे बारीक केले. ती नजर मला चांगली ओळखीची. "खरंच केला नाही? की दार लावून केला? तुम्ही आत जाऊन बघितलंत ना?"

मी बघितलं होतं. डब्यापासून मातीपर्यंत सगळं बघितलं होतं आणि ते सांगितलं असतं तर त्या बाईची लगेच खात्री पटली असती. तोंडापर्यंत आलं होतं.

"मुमताज माझी मैत्रीण आहे," मी म्हटलं. "ती म्हणाली केला नाही, म्हणजे केला नाही."

त्या बाईला ते पटलं नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आक्काच्या दारात मी एवढंच म्हटलं असतं, तर मामांनाही बहुतेक पटलं नसतं. पण मुमताज तिथे उभी होती, तिने ते ऐकलं असतं.